गोधडी जळते, भरपाई मिळते चिंध्यांची

(घरी बसून शिवण, भरतकाम व विणकाम करणाऱ्या कामगारांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत मजुरीचे दर, ओळखपत्र, पेन्शन असे आपले नेहमीचे विषय आहेत. माझ्याकडे विम्याचा विषय आला आहे. विमा म्हटले की सभेत जांभया सुरू होतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगते, माणसाच्या विम्याबद्दल मी आज बोलणार नाही. त्याच्या योजना आहेत, आणि आपल्या बहुतेक शाखांनी त्यांचे अर्ज भरून घेतलेले आहेत. मला बोलायचे आहे ते आपल्या हातून तयार होणाऱ्या मालाच्या विम्याबद्दल. बाई मेली तर काही मिळेल, हात मोडला तर काही मिळेल. पण तीन महिने राबून शिवलेला माल एका रात्रीत पाण्यात गेला तर काय मिळेल, हा प्रश्न आपल्या युनियनच्या मागणीपत्रात आजवर फारसा आलेला नाही.

आपण काय तयार करतो ते एकदा बघा. महाराष्ट्रातली गोधडी, वाकळ. उत्तर कर्नाटकातली कौदी. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची कवंडी. बिहारची सुजनी, बंगालचा नक्षी कांथा, राजस्थान आणि कच्छकडची रल्ली. नावे वेगळी, काम एकच. जुने मऊ कापड थरावर थर मांडायचे आणि धावदोऱ्याने ते एकजीव करायचे. यात कापडाची किंमत कमी आणि हाताची किंमत जास्त. आणि घोटाळा होतो तो इथेच. कारण कापडाची पावती असते, हाताची पावती नसते.

हिशेब मांडून पाहू

समजा, एक दुहेरी गोधडी आहे. वरचे कापड ९५० रुपये, अस्तर २५० रुपये, दोरा १०० रुपये. झाले १,३०० रुपये. तिला १२० तास लागले. आठ तासांचा एक दिवस धरला तर पंधरा दिवस. दिवसाला ५०० रुपये मजुरी धरली तर ७,५०० रुपये. धुणे, दिवाबत्ती, सुया, जाणे-येणे यांचे ४०० रुपये. एकूण खर्च ९,२०० रुपये. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. तुम्ही आपापल्या राज्याचा किमान वेतनाचा दर आणि आपापल्या बाजारचा कापडाचा भाव घालून घरी हाच हिशेब करा.

आता हीच गोधडी जळाली. पाहणीसाठी सर्व्हेअर आला. तो विचारतो, पावत्या दाखवा. बाई कापडाच्या दुकानाची पावती दाखवते. तो लिहितो, १,३०० रुपये. बाई म्हणते, साहेब, पंधरा दिवस बसले होते. तो म्हणतो, ताई, तुम्ही स्वतःलाच मजुरी दिली त्याचा कागद कुठे आहे?

यात दर वेळी सर्व्हेअरच्या मनात खोट असते असे नाही. विम्याचे मूळ तत्त्वच असे आहे की जितके नुकसान झाले तितके भरून द्यायचे, त्याहून जास्त नाही. तयार मालाचा विमा उतरवताना सहसा विक्रीची किंमत धरत नाहीत, तयार करायला आलेला खर्च धरतात. तेव्हा गोधडी बाजारात १२,००० ला जाणार होती, हे सांगून उपयोग नाही. पण ९,२०० हा खर्च आहे, नफा नाही. तो मागणे हा आपला हक्क आहे. फक्त तो सिद्ध करावा लागतो, आणि सिद्ध करण्याची तयारी आग लागण्याआधी करावी लागते.

कमी रकमेचा विमा: दुहेरी फटका

दुसरी गोष्ट नीट समजून घ्या, कारण यात बाया सर्वांत जास्त फसतात. हप्ता वाचावा म्हणून माल कमी किमतीचा दाखवला जातो. पाच गोधड्यांचा खरा खर्च ४६,००० रुपये आहे, पण विमा उतरवला २३,००० चा. मनात विचार असा की सगळ्या थोड्याच जळणार आहेत? दोन जळाल्या तर त्यांचे १८,४०० रुपये २३,००० च्या आतच बसतात.

तसे होत नाही. आगीच्या विम्यात सरासरीचे कलम असते. तुम्ही निम्म्या किमतीचा विमा उतरवला, तर उरलेल्या निम्म्याची जोखीम तुम्ही स्वतः घेतली असे धरतात. म्हणून १८,४०० च्या नुकसानीला ९,२०० मिळतात. दोन गोधड्या गेल्या आणि एकीचे पैसे आले. लहान उद्योगांसाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ नावाची प्रमाण पॉलिसी आली. एका जागी ५ कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या उद्योगांसाठी ती आहे. तिच्यात रक्कम १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तर कापत नाहीत. पण १५ टक्के म्हणजे निम्मे नव्हे.

उलट बाजूही सांगते. किंमत फुगवून लिहिली तर जास्त पैसे मिळतील, असे कोणी सांगत असेल तर ऐकू नका. भरपाई खऱ्या नुकसानीचीच होते. जादा हप्ता वाया जातो, आणि माहिती खोटी दिली म्हणून सगळा दावाच बुडण्याची भीती असते. खरी किंमत, ना कमी ना जास्त, एवढेच आपले म्हणणे असले पाहिजे.

माल कोणाचा, जोखीम कोणाची?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आपल्यापैकी पुष्कळ जणी स्वतःचा माल करत नाहीत. व्यापारी किंवा त्याचा मुकादम कापड देऊन जातो, आपण नगावर शिवतो. माल घरात असताना पाणी शिरले तर व्यापारी काय करतो? पुढच्या आठवड्याच्या मजुरीतून कापडाचे पैसे कापतो. म्हणजे बाईची झालेल्या कामाची मजुरी गेली, आणि वर न घेतलेले कर्ज डोक्यावर बसले.

कायदा काय म्हणतो? भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम १५१ प्रमाणे दुसऱ्याची वस्तू ताब्यात असलेल्याने स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी, शहाण्या माणसाला शोभेल अशी काळजी घ्यायची. कलम १५२ म्हणते की तेवढी काळजी घेतली असेल आणि तरीही वस्तूचे नुकसान झाले, तर तो जबाबदार नाही. मात्र वेगळा करार केलेला नसेल तर. हे ‘वेगळा करार नसेल तर’ लक्षात ठेवा. माल देताना पुढे केलेल्या छापील कागदावर ‘नुकसानीस कारागीर जबाबदार’ असे लिहिलेले असू शकते. तो वाचल्याशिवाय अंगठा किंवा सही करायची नाही. वाचता येत नसेल तर शाखेत घेऊन यायचा.

मग व्यापाऱ्याचा विमा नसतो का? असतो. पण आगीची पॉलिसी ठरलेल्या पत्त्याची असते. त्याच्या गोदामाचा पत्ता तीत असतो, तुमच्या खोलीचा नसतो. माल उंबऱ्याबाहेर पडून तुमच्या घरी आला की पॉलिसी मागेच राहते. आणि तुम्ही स्वतः विमा घेतला तरी जपून. वर्षानुवर्षे चालत आलेल्या आगीच्या प्रमाण पॉलिसीत अशी अट आहे की दुसऱ्याचा, विश्वासाने ठेवलेला माल स्पष्ट लिहिल्याशिवाय विम्यात येत नाही. नमुने, नकाशे, आराखडेही येत नाहीत. १०,००० रुपयांवरची कलावस्तू हीसुद्धा लिहून घेतल्याशिवाय येत नाही. तेव्हा पॉलिसी हातात आली की पहिल्या पानावरची रक्कम पाहून ठेवून देऊ नका. मागची पाने वाचा, ‘वगळलेल्या बाबी’ जिथे लिहिल्या आहेत ती.

सरकारी मदत किती?

कोणी म्हणेल, पूर आला तर सरकार आहे. आहे, पण किती? आपत्ती निवारण निधीचे २०२२ साली केंद्राने ठरवलेले निकष पाहा. हस्तकला आणि हातमाग कारागिराला हत्यारांसाठी ५,००० रुपये, आणि कच्चा, अर्धवट व तयार माल मिळून ५,००० रुपये. आपल्या हिशेबातल्या एका गोधडीचेसुद्धा पैसे यात निघत नाहीत. आणि तेही अधिकाऱ्याने पंचनाम्यात लिहिले तर.

ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात महापूर आला. एर्नाकुलम जिल्ह्यातल्या चेंदमंगलम या विणकरांच्या गावात ओणमच्या बाजारासाठी तयार करून ठेवलेला माल चिखलात गेला. वर्षाची मुख्य कमाई त्या एका सणावर असते. लोकांनी त्या डागाळलेल्या कापडाच्या ‘चेकुट्टी’ नावाच्या छोट्या बाहुल्या केल्या आणि देशभर विकल्या. त्याचे कौतुक केलेच पाहिजे. पण विचार करा, विणकराला आपल्या कापडाची किंमत परत मिळायला लोकांच्या सहानुभूतीची वाट पाहावी लागली. पुढच्याच वर्षी, ३ मे २०१९ रोजी ओडिशात फनी वादळ आले आणि पुरीजवळच्या रघुराजपूर या पट्टचित्रकारांच्या गावाची दाणादाण उडाली. आपल्याकडे २६ जुलै २००५ ची मुंबई आठवा, २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर आठवा. आपत्ती कधीतरी येणारी पाहुणी राहिलेली नाही. आणि घर हाच ज्याचा कारखाना आहे, त्याचे घर बुडाले की कारखानाही बुडतो.

युनियनने काय करायचे

विम्याचे काम युनियनचे नाही, असे काही जुने कार्यकर्ते म्हणतात. १९७२ साली अहमदाबादेत ‘सेवा’ ही असंघटित स्त्रियांची युनियन नोंदली गेली तेव्हाही, मालक नाही तर युनियन कसली, असे लोक म्हणाले होते. याच सेवेने १९९२ साली सभासदांसाठी विमा सुरू केला. त्यात आजारपण आणि मृत्यूबरोबर घर आणि मालमत्तेच्या नुकसानीचाही समावेश होता. २००५ साली विमा नियामक प्राधिकरणाने सूक्ष्म विम्याचे नियम केले, त्यांत झोपडी आणि हत्यारे या गोष्टी आल्या. म्हणजे वाट पडलेली आहे. आता त्या वाटेवर तयार मालाची खरी किंमत घेऊन जायचे आहे. त्यासाठी प्रत्येक शाखेने चार कामे हाती घ्यावीत, अशी माझी सूचना आहे.

पहिले, दरपत्रक. कोणत्या आकाराच्या, किती दाट टाक्यांच्या गोधडीला किती तास लागतात, हे शाखेच्या सभेत पाच-सहा अनुभवी बायांना बसवून ठरवा. त्याला किमान वेतनाचा दर लावा. ठराव करा, तारीख घाला, सह्या घ्या, आणि त्याची प्रत विमा कंपनीला पॉलिसी घेतानाच द्या. मजुरीच्या वाटाघाटीसाठी आपण हेच दरपत्रक करतो. तेच इथे पुरावा म्हणून उपयोगी पडते. सर्व्हेअर विचारतो त्या ‘हाताच्या पावती’चे हेच उत्तर आहे. मात्र एक सांगते, आपण व्यापाऱ्याकडून १२० तासांचे १,००० रुपये मुकाट्याने घेत राहिलो, तर विमा कंपनीही उद्या तोच आकडा आपल्यापुढे ठेवील. मजुरीची लढाई आणि विम्याची लढाई वेगळी नाही.

दुसरे, मालाची वही. कोणती वस्तू, कधी सुरू केली, किती तास झाले, कापड कुठून आले, तयार कधी झाली, विकली तर केवढ्याला. रोज रात्री दोन ओळी. प्रत्येक वस्तूचा फोटो पुढून आणि मागून, कारण टाका मागच्या बाजूला कळतो. फोटो शाखेतल्या दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरही पाठवून ठेवा. वही घरात आणि घर पाण्यात, असे झाले तर वहीचा उपयोग काय?

तिसरे, मालकाशी करार. जो माल देतो त्यानेच आमच्या घरांचे पत्ते आपल्या पॉलिसीत घालावेत. विम्याची रक्कम कापडाची नव्हे, कापड अधिक झालेल्या कामाची असावी. हप्ता मजुरीतून कापू नये. ही मागणी यापुढे दरवाढीच्या मागणीशेजारी लिहा. घरी काम करणाऱ्यांना इतर कामगारांसारखी वागणूक मिळावी यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. ती मागणी आपल्या संघटनेची आहेच. पण मालकाशी करार करायला दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही.

चौथे, वाहतूक. माल प्रदर्शनाला किंवा गिऱ्हाईकाकडे पाठवताना ट्रान्सपोर्टची पावती निष्काळजीपणे करू नका. रस्ता वाहतुकीच्या २००७ च्या कायद्याखाली २०११ साली नियम झाले. त्यांप्रमाणे मालाची किंमत जाहीर करून जादा जोखमीचा दर भरला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंतच असते. भाडे २०० रुपये असेल तर गाठोड्यात ४६,००० चा माल असो, मिळतील फार तर २,०००. ‘जुने कपडे’ असे लिहून पाठवलेले गाठोडे हरवले तर जुन्या कपड्यांचेच पैसे मिळणार.

घरातली जुनी गोधडी

एक बाई मघाशी विचारत होत्या, विकायच्या मालाचे ठीक आहे, पण आजीच्या हातची गोधडी घरात आहे, तिचे काय? साध्या घरविम्यात ती जुने अंथरूण म्हणून धरली जाण्याची भीती आहे, आणि जुन्या अंथरुणाला काय भाव येणार! २०२१ पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत मौल्यवान वस्तूंसाठी वेगळा, ऐच्छिक विमा आहे. त्यात कलावस्तू आणि दुर्मिळ जुन्या वस्तू येतात, आणि किंमत आधी ठरवून लिहिली जाते. एकूण रक्कम ५ लाखांच्या आणि एक वस्तू १ लाखाच्या आत असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. मात्र वस्तूचे वर्णन यादीत नीट लिहून घ्या. ‘एक चादर’ असे लिहू नका. ‘हाताने शिवलेली गोधडी, अमुक आकार, अमुक वर्षांची, फोटो जोडला आहे’ असे लिहा. आणि हे ध्यानात ठेवा की ही पॉलिसी घरगुती वस्तूंची आहे. विक्रीचा माल तिच्यात येत नाही. त्याला उद्योगाची पॉलिसी लागते.

नुकसान झालेच तर

घाबरून माल फेकून देऊ नका. भिजलेला, अर्धवट जळालेला तुकडाही पुरावा आहे. आधी फोटो, मग कंपनीला लेखी कळवणे, मग पंचनामा किंवा अग्निशमन दलाचा दाखला. सर्व्हेअर आला की शाखेतली एक जाणकार बाई सोबत असू द्या. कोऱ्या कागदावर सही नाही. ‘पूर्ण व अंतिम समाधान’ असे लिहिलेल्या कागदावर, समाधान झाले नसेल तर, सही नाही.

दावा नाकारला किंवा रक्कम कमी दिली, तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत, इतर राज्यांसाठीही आहेत. फी नाही. २०२३ पासून ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देववू शकतात. एकटा मालक असलेला धंदा आणि सूक्ष्म उद्योगही तिथे तक्रार करू शकतात. वकील लागत नाही, चालतही नाही. अर्ज बाईच्या नावानेच जातो. युनियनने तिला तो लिहायला, कागद लावायला मदत करायची. कामगार आयुक्तांकडे अर्ज लिहून लिहून आपला हात बसलेला आहे. त्यापेक्षा हा अर्ज अवघड नाही.

भगिनींनो, चौथी हातमाग गणना २०१९-२० साली झाली. देशात हातमागावर राबणारे ३५ लाखांहून अधिक, त्यांतल्या सुमारे ७२ टक्के स्त्रिया. त्याशिवाय भरतकाम आणि गोधड्या करणाऱ्या वेगळ्याच. एवढ्या हातांनी तयार केलेला माल आज घराघरांत ट्रंकेत, माळ्यावर, खाटेखाली पडलेला आहे. बँकेच्या कागदावर त्याला किंमत नाही, विम्याच्या कागदावर नाही, पंचनाम्यात आली तर ५,००० रुपयांपर्यंत.

म्हणून येथून परत गेल्यावर पहिल्या सभेत एक काम करा. दोन बायांनी आपली एकेक गोधडी आणावी. सगळ्यांनी मिळून तिचे तास मोजावेत, हिशेब फळ्यावर मांडावा, आणि आलेला आकडा ठराव म्हणून लिहून घ्यावा. तो आकडा पाहून आपल्याच काही बाया म्हणतील, एवढी कुठे किंमत असते होय! त्यांना तो हिशेब पुन्हा एकदा समजावून सांगा. ठरावाची प्रत आपल्या मध्यवर्ती कार्यालयाकडे पाठवा, म्हणजे सगळ्या राज्यांची दरपत्रके एकत्र करून विमा कंपन्यांशी सामुदायिक पॉलिसीची बोलणी करता येतील. एकेकट्या बाईला कंपनीच्या खिडकीवर कोणी विचारत नाही. हजारो नावांची यादी घेऊन गेलो तर बसायला खुर्ची देतील.

एवढे बोलून मी थांबते. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.